आपत्तीनंतर मच्छीमारांना होड्या वाटणं ही मदत की नवं ओझं?

भरतीओहोटी:
किनाऱ्यावर मोठी आपत्ती आली की मदतीचा ओघ आधी होड्यांकडे वळतो. होडी मोजता येते, तिच्यावर देणगीदाराचं नाव रंगवून फोटो काढता येतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत बऱ्याच ठिकाणी कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेले तराफे, गेले आणि इंजिनाच्या फायबर होड्या आल्या, काही गावांत तर आधीपेक्षा जास्त. वाट्यावर जाणारा खलाशी मालक झाला. पण सगळेच मालक झाल्यावर जाळं ओढायला माणूस कुठून आणणार? मासळी तेवढीच, वर इंधनाचा खर्च. माझ्या मते सरसकट वाटप नकोच. आधी समुद्राला किती होड्या झेपतात ते बघा.

खारावारा:
हे पोट भरलेल्याचं बोलणं झालं. ज्याची होडी, जाळी, इंजिन एका लाटेत गेलं, त्याने तुमचा अभ्यास होईपर्यंत काय खायचं? तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो, मग पुढची सगळी मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने. आणि खलाशी मालक झाला याचं तुम्हाला एवढं का खुपतंय?

भरतीओहोटी:
खुपत नाही हो. पण होडी फुकट मिळाली म्हणून उचल टळत नाही. डिझेल, बर्फ, जाळ्याची डागडुजी, सगळ्यासाठी पुन्हा त्याच दारात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात त्याच त्सुनामीनंतर वाटलेल्या कित्येक होड्या इतक्या कच्च्या निघाल्या की समुद्रात न्यायच्या लायकीच्याच नव्हत्या. याउलट जपानचं मिनामिसानरिकू बघा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कालवं (ऑयस्टर) वाढवायचे तराफे वाहून गेले. ते पुन्हा टाकताना तिथल्या एका गटाने संख्या आधीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आणली. दाटी घटली, तशी दोन-तीन वर्षं घेणारी कालवं वर्षभरात तयार व्हायला लागली.

खारावारा:
तिथे खाडीतला हक्क सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून बसून ठरवता आलं. उघड्या समुद्रात मी होडी नाही घेतली तर शेजारी घेतो. कमी करायचंच तर ट्रॉलरपासून सुरुवात करा, लहान होडीवाल्यापासून कशाला?

वाळवण:
तुम्ही दोघं होडीतून खाली उतरायलाच तयार नाही. होडीची नोंद बहुतेक पुरुषाच्या नावावर, म्हणून भरपाईही त्याला. मासळी सुकवणारीची जागा, मीठ, टोपल्या, बर्फाची पेटी यांचं काय? श्रीलंकेत त्सुनामीनंतर दक्षिण किनाऱ्यावर १०० मीटरच्या पट्ट्यात घरं बांधायला बंदी घातली, पुढे ती शिथिल केली. अशी घरं आत हलवली की होडीवाला कसाबसा पहाटे पोचतो. मासळी विकणारी मात्र लिलाव संपल्यावर येते, आणि उरलेला माल चढ्या भावाने घेते.

खारावारा:
मुद्दा बरोबर आहे. पण पंचनाम्यात टोपली लिहिणार कोण? तिची ना पावती, ना परवाना.

वाळवण:
खलाशाकडे तरी कुठली पावती असते? मालकाने नाव सांगितलं तर तो यादीत, नाहीतर नाही. विकणारीचं नाव सांगायला तेवढंही कुणी नाही.