आधी जाडी, मग टायटॅनियम
गाडीचे वजन घटवायचे तर एक्झॉस्टला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, टायटॅनियमच हवे, असे म्हटले जाते; ते घनतेपुरते बरोबर आहे. पण विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाडीत पहिली मोठी बचत नळीच्या जाडीतच होते. ४५ मिमी बाह्य व्यासाची ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची नळी १.५ मिमी जाडीत मीटरला सुमारे १.६ किलो भरते, ०.९ मिमी जाडीत १ किलो, तर १ मिमी जाडीची टायटॅनियमची सुमारे ६२० ग्रॅम.

मात्र स्टेनलेस ५०० अंशांनी तापले की मीटरमागे जवळजवळ ९ मिमी लांबते. आमच्या गाडीत दोन्ही टोके घट्ट आवळल्यामुळे वेल्डच्या कडेलाच तडा गेला होता, आणि स्प्रिंगने धरलेला सरकता सांधा बसवल्यावरच तो त्रास थांबला. टायटॅनियम घेणारच असाल, तर वेल्डिंग करताना तापलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडण्याची सोय आधी करावी. करडा पडलेला जोड ठिसूळच समजावा.