मदत हवी आहे : बेनिता आसास मान्तेरोला यांच्याविषयी

नमस्कार. स्पेनमधील सान सेबास्तियान येथे १८७३ साली जन्मलेल्या, पेशाने शिक्षिका असलेल्या आणि स्पॅनिश स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या बेनिता आसास मान्तेरोला यांच्यावर मी मराठीत लेख लिहीत आहे. १ ऑक्टोबर १९३१ रोजी संसदेने १६१ विरुद्ध १२१ मतांनी हा अधिकार मान्य केला, त्याचे श्रेय संसदेत त्याची बाजू मांडणाऱ्या खासदार क्लारा कांपोआमोर यांना मिळते आणि ते रास्तही आहे. परंतु त्याआधी वर्षानुवर्षे वर्ग सांभाळून लेखणी चालवणाऱ्या शिक्षिकेची आठवण क्वचितच निघते, हे मला खटकते. बेनिता यांनी १९१३ साली सहसंस्थापक म्हणून सुरू केलेल्या ‘एल पेन्सामिएन्तो फेमेनिनो’ या नियतकालिकातील लेख वाचून आशय समजावून देऊ शकेल असे स्पॅनिश जाणणारे कोणी येथे आहे का?