पुण्याहून सायकलने कोकण : घाट, खाड्या आणि अंगातलं मीठ (अनुभव धागा)

खाडीकाठ
माळ्यावरची पॅनिअर (सायकलच्या कॅरिअरला लटकवायची पिशवी) आज खाली काढून झटकली तर तळातून श्रीवर्धनची वाळू सांडली. मग काही राहवेना. दिवाळीनंतर बरेच जण कोकणात उतरतील. रस्ते, गिअर, ब्रेक, खाणंपिणं, जे पक्कं ठाऊक आहे ते इथे लिहा.

सुरुवात मी करते. कोकणात किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण गावं खाडीच्या तोंडाशी आणि दोन गावांमध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. गाव सोडलं की चढ, वर सावली नसलेला सडा, मग उतार, पूल नाहीतर जेटी, की लगेच पुढचा चढ. ताम्हिणीसारखा एकच लांब घाट परवडला, हे दोन-दोन किलोमीटरचे तुकडे दिवसभर पाय खातात. देशावर दिवसाला १२० किमी सहज होत असतील तर इथे ७०-८० धरा.

दोन_पेडल
+१. त्यात पहिल्याच दिवशी चांदणी चौक, पिरंगुट घाट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव एवढं करून वर लोक दिवेआगरलाही पोचायचं ठरवतात. माणगावनंतर साई ते म्हसळा घोणसे घाट आहे, तो दुपारी दोनला अंगावर येतो. पहिला मुक्काम माणगावलाच करा. सकाळी सहाला निघालात तर घोणसे थंडाव्यात पार होतो.

रिमवाला
ताम्हिणी उतरतानाचं लिहितो. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, वळणात सोडा. म्हणजे रिमला थंड व्हायला वेळ मिळतो. सतत घासत राहिलं की रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, आणि घाईत लावलेला पॅच सुटतो तो तेव्हाच. पॅच लावताना सोल्युशनची ओली चमक जाईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. कार्बन रिम आणि रिम ब्रेक असतील तर सामानासकट हा उतार नकोच.

डिस्क ब्रेकवाल्यांनी निघण्याआधी ब्रेक पॅड बघा. घासणारा थर १ मिमीच्या आसपास उरला असेल तर पुण्यातच बदला. नोव्हेंबरातही झाडीतल्या वळणांवर शेवाळ असतं, तिथे वळताना सायकल झुकवू नका.

साडेसात
गिअरचं गणित. पुढची चकती ३४ दातांची आणि मागची २८ ची असेल तर पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारायला ताशी ९ किमीच्या वर वेग लागतो. सामान लादून दहा टक्के चढावर तो टिकत नाही. मग फेरे ४०-४५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे ३४ घातली तर त्याच ६० फेऱ्यांना साडेसातचा वेग पुरतो. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) घेण्याआधी मागचा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो ते बघा. आखूड केजचे (चेन ताणणारी खालची पट्टी आखूड असलेले) बरेच डिरेलर ३४ घेत नाहीत. चेनही मोजून घ्या, आखूड पडली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती लागताच हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मोडतो.

कोथरूड_डेपो
हँगर! प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. स्वतःच्या सायकलचा एक जास्तीचा पिशवीत असू द्या. ७००सी (चाकाचं माप) प्रेस्टा (बारीक व्हॉल्व्हची) ट्यूबही गावात सहसा मिळत नाही, दोन न्या. टायरची बाजू कापली गेली तर आतून टूथपेस्टच्या नळीचा तुकडा लावा, पुढच्या शहरापर्यंत टिकतो.

ताम्हणफूल
टायर किती रुंद? माझ्याकडे २५ मिमीचे आहेत. गुडघाही जरा कुरकुरतोय :(

रिमवाला
@ताम्हणफूल फ्रेममध्ये बसत असतील तर २८ किंवा ३२. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ ला मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय हवा भरा. कोकणात काट्यांपेक्षा खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून जास्त पंक्चर होतात, ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसतात.

साडेसात
@ताम्हणफूल काळजी घ्या. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट आधी ३-४ मिमी वर करून बघा, एकदम सेंटीमीटरभर नको.

खाडीकाठ
जेट्या राहिल्याच. उत्तरेकडून: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारा. दाभोळची चुकली तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे दिवस गेला. जेटीवर उतरलं की बहुधा समोर चढ, त्यामुळे बोटीतच पाणी भरून, चेन हलक्या गिअरवर टाकून ठेवा.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी, शेखाडीवरून जाणारा तुकडा मात्र खरोखर समुद्राला लागून आहे. दुपारी वारा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जा.

गंजरोधक
वाळूत सायकल घालू नका, फोटोसाठीही नको. खारं पाणी फ्रीहबात (मागच्या चाकाचा फिरता गाभा) आणि हेडसेटमध्ये (हँडलखालचं बेअरिंग) शिरलं की आठवड्याभरात करकर सुरू. रोज मुक्कामी बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंगवर पाण्याचा जोर नको. फडक्याने पुसा, चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून टाका. निपलच्या (स्पोक रिमला धरणारी छोटी नळी) मुळाशी पांढरी पिठी दिसली तर अॅल्युमिनियम खायला लागलंय, चाक दुकानात दाखवा. निघण्यापूर्वी सीटपोस्टला (सीटच्या दांडीला) ग्रीस हवंच, नाहीतर तो फ्रेममध्ये अडकून बसतो.

मीठभाकर
दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ विरळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं ही लक्षणं. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि मीठ कमी, सोबत खारे शेंगदाणे खा. साडेदहाला सड्यावरून खाली आलेलं बरं.

आजोळ_गुहागर
कोकम विसरलात की! अमृत कोकम साखरेचं, आगळ मिठाचं. घामासाठी आगळ.

दोन_पेडल
गुहागर आजोळ म्हणजे हेदवीपर्यंतचे चढ पाठ असतील तुम्हाला :)

आजोळ_गुहागर
पाठ आहेत हो, तो पट्टा लिहिते सवडीने. कुकर लागलाय.

दोन_पेडल
परतीला पोलादपूर-महाबळेश्वर आंबेनळी साधारण ४० किमी, जवळपास सगळा चढ, पहाटेच सुरू करा. भोरकडे जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, आधी भोरला चौकशी करा.

ताम्हणफूल
आगळ एका बाटलीला किती घालायचं?

आजोळ_गुहागर
पाऊण लिटरला दोन चमचे आगळ, चार चमचे साखर. आगळ खारट असतं, वरून मीठ नको. रात्री बाटली गरम पाण्याने धुवा, नाहीतर झाकणाच्या रबराखाली काळी बुरशी धरते.