मदत हवी आहे: घरी रुग्णसेवेला मावशी पुरवणाऱ्या ब्युरोच्या कामावर देखरेख कुणाची?

कोथरूडला आई पाच महिने अंथरुणाला खिळून आहे. दिवसपाळीला ब्युरोकडून मावशी येतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे लिहून दिलं होतं. तरी माकडहाडापाशी जखम झालीच. ब्युरोचं उत्तर एवढंच, "दुसरी बाई पाठवतो." मावशींवर राग नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

इंग्लंडमध्ये सीक्यूसी (केअर क्वालिटी कमिशन, तिथली देखरेख यंत्रणा) अशा संस्थांची नोंदणी करते, तपासणी करते, अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे २०१९च्या ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयकात नोंदणीची तरतूद होती. नर्सची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, पण मावशींचं काय? पुण्यात कुणी १४५६७ या ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे का? नवीन ब्युरो ठरवताना कोणते कागद मागू? कृपया लवकर सांगा, जखम वाढतेय.