शब्दचर्चा : ‘उपरा’ उमेदवार म्हणजे नेमका कुठला?

पूर्वभागकर

२०२४ च्या लोकसभेला सोलापुरात एका शब्दाला फार भाव आला होता : उपरा. भाजपने माळशिरसचे तेव्हाचे आमदार राम सातपुते यांना तिकीट दिलं. ते मूळचे बीड जिल्ह्यातले. झालं, पहिल्या दिवसापासून चर्चा कामाची कमी आणि गावाची जास्त. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी तर स्वागताचं जाहीर पत्रच लिहिलं; वरून पाहुणचार, आतून चिमटा. सातपुत्यांनी आपण ऊसतोड मजुराचा मुलगा आहोत असं सांगून परतफेड केली. पुढे शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. निकालावर मला काही म्हणायचं नाही.

प्रश्न शब्दाचा आहे. माळशिरस तालुका सोलापूर जिल्ह्यातच येतो. मग जिल्ह्यातल्याच आमदाराला उपरा कसं म्हणायचं? आणि उपरा, बाहेरचा, आयात, पार्सल हे सगळे एकाच अर्थाचे का? आमच्याकडे अशोक चौकात चहा पिताना यावरून एवढी जुंपली की चहावाल्यानं शेवटी टीव्हीचा आवाज वाढवला.

भीमाकाठ

आधी हद्द बघा, शब्द नंतर. जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ. त्यातले सहाच सोलापूर लोकसभेत : शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर. माळशिरस, करमाळा, माढा, सांगोला हे चार माढा लोकसभेत. बार्शी तिसरीकडेच, धाराशिवला. आणि माढा लोकसभेत सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण. म्हणजे फलटणचा माणूस जिल्ह्याबाहेरचा, पण माढ्यात घरचा. माळशिरसचा माणूस जिल्ह्याचा, पण सोलापूर लोकसभेला बाहेरचा. बार्शीकरानं सोलापुरातून उभं राहायचं म्हटलं तर तोही बाहेरचाच, आता बोला.

नकाशावरून ‘बाहेरचा’ ठरतो. ‘उपरा’ नकाशावरून ठरत नाही. तो शब्द वेगळ्या दप्तरातला आहे, त्यावर सवडीनं लिहितो.

पारावरचा

मालक, एवढा खल कशाला? आपला नाही तो उपरा. विषय संपला.

भीमाकाठ

विषय इथंच सुरू होतो. मराठेशाहीतल्या गावात जमीन कसणारे दोन तऱ्हेचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती विकता यायची, गहाण टाकता यायची, पोराला देता यायची. दुष्काळात गाव सोडून परागंदा झालेला मिरासदार पुढे परत आला तर आपल्या मिराशीवर हक्क सांगू शकत असे. गावकीच्या बैठकीत त्याला जागा, देवाच्या कामात मान.

उपरी म्हणजे ज्याची मिरास नाही असा कुळवाडी. करारानं, कौलानं जमीन कसायची. कष्टात तो कमी नव्हता, सारा तोही भरत होता, कित्येकदा त्याच गावात आयुष्य काढत होता. पण जमीन नावावर नाही आणि गावकीत शब्दाला वजन नाही. म्हणजे उपरीपण किती वर्षं राहिलात यावर ठरत नव्हतं. हक्क वारशानं आला की नाही, यावर ठरत होतं.

म्हणून हा शब्द एकटा कधीच येत नाही, जोडीला मिरासदार घेऊन येतो. कुणाला उपरा म्हटलं की म्हणणारा न बोलता मिरासदाराच्या जागी जाऊन बसतो. ‘तू बाहेरचा आहेस’ म्हणताना आपण फक्त पत्ता सांगतो. ‘तू उपरा आहेस’ म्हणताना ‘ही जागा आमच्या मिराशीची आहे’ हेही सांगून टाकतो. आजही ‘ही काय तुमची मिरासदारी आहे का?’ असं आपण राजकारणातच जास्त ऐकतो. जुन्या जोडीतले दोन्ही शब्द सभेच्या माईकवर जिवंत आहेत, फक्त समोरासमोर उभे केले जात नाहीत.

इंग्रजांनी ही वाटणी कागदावर मोडली. १८३० च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून नवी जमीन पाहणी रुळली, आणि जो सारा भरेल तो खातेदार असा हिशेब झाला. मिरासदार असो की उपरी, खातं एकाच नमुन्याचं. दप्तरातून उपरी गेला, तोंडातून काही जाईना.

पारावरचा

हे सगळं वाचायला झकास आहे. पण सभेला आलेल्या माणसाला मिराशीचा कौल ठाऊक नसतो. तो ‘उपरा’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच सवाल येतो : निवडून आल्यावर हा सापडणार कुठं? पाण्याचा टँकर चार-पाच दिवस आला नाही तर कुणाच्या दारात जायचं? बोलणाऱ्यानं मिरास सांगितली असेल, पण ऐकणाऱ्यानं पत्ता विचारलेला असतो. ऐकणाऱ्याचा अर्थ धरा की.

आणि सोलापूरनं बाहेरच्यांना कायम परतच पाठवलंय असं समजू नका. २००३ ची पोटनिवडणूक आठवा. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, जागा रिकामी झाली, आणि भाजपकडून अकलूजचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून आले. अकलूज म्हणजे माळशिरस तालुकाच. तोच तालुका एकदा चालला, एकवीस वर्षांनी नाही चालला. मग तालुक्यात काय आहे?

भीमाकाठ

हेच तर म्हणतोय. अंतर तेवढंच, माणसं वेगळी. मोहिते-पाटलांना कुणी बाहेरचं म्हटलंही असेल, पण उपरा हा शब्द त्यांना चिकटणं अवघड. त्या घराण्याची जिल्ह्यात मिरास होती. शरद पवार बारामतीहून येऊन २००९ ला माढ्यातून उभे राहिले आणि निवडून आले. मोठा नेता आला की त्याला मतदारसंघाचं भाग्य म्हणतात. खुद्द सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे, पण विधानसभेत पहिल्यांदा गेले ते १९७४ ला करमाळ्यातून. उपरा म्हटला जातो तो किलोमीटर मोजून नव्हे.

पत्त्याचा मुद्दा मात्र मान्य. त्या सवालाला ‘बाहेरचा’ हा शब्द पुरेसा आहे आणि प्रामाणिकही.

टेबल नंबर चार

निवडणुकीच्या कामाला अनेकदा बसलोय, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ प्रमाणे लोकसभेला उभं राहायला तुमचं नाव देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असलं की झालं. सोलापूर २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथंही उमेदवार कुठल्याही राज्यातल्या अनुसूचित जातीचा असला तरी चालतो. विधानसभेला हात जरा आखडतो, नाव त्याच राज्यातल्या यादीत लागतं. ग्रामपंचायतीला तर गावच्याच यादीत लागतं. म्हणजे सभागृह जितकं मोठं, तितकं दार सैल.

उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर त्यानं तिथल्या यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडायची, किंवा छाननीच्या वेळी दाखवायची. बाहेरचेपणाची सरकारदरबारी एवढीच खूण, एक झेरॉक्स आणि त्यावर शिक्का. किती वर्षं इथं राहता, घर आहे का, भाषा येते का, असलं काही विचारायला रकानाच नाही. अनामत रक्कमसुद्धा सारखीच : २५,००० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००.

गंमत सूचकाची आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक लागतो, अपक्षाला दहा, आणि हे सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. उमेदवार कुठलाही चालेल, पण त्याचं नाव सुचवणारा इथलाच हवा. मोहोळचा नाहीतर अक्कलकोटचा एखादा माणूस सही करतो, त्याचा यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिला जातो, तेव्हा बाहेरचा आत येतो.

भीमाकाठ

हे भारी सांगितलंत. कौल घेताना उपऱ्याचीही हमी गावातलाच कुणीतरी घेत असणार, असं वाटून गेलं.

टेबल नंबर चार

असणार-बिसणार आमच्या टेबलावर चालत नाही. प्रत जोडा.

कडक भाकरी

सगळे पुरुषच बोलताय म्हणून मध्ये पडते. उपऱ्याच्या विरुद्ध तुम्ही मिरासदार ठेवला, पण प्रचारात समोर कोणता शब्द होता? ‘सोलापूरची लेक’. एरवी पुरुष उमेदवार असला की म्हणतात भूमिपुत्र. बाईला भूमिकन्या कुणी म्हणत नाही, पुस्तकी वाटतं, आणि सीतामाईची आठवण होऊन पुढं भलतंच रामायण डोळ्यांपुढे येतं. म्हणून लेक. लेक शब्दात माया आहे, हक्क आहे, वर माहेरही आहे.

पण मग सुनेचं काय? त्याच निवडणुकीत बारामतीला लेक विरुद्ध सून अशी लढत लागली, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. आणि शरद पवार मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार यांच्यातल्या फरकाबद्दल बोलून गेले. केवढं वादळ उठलं. उपरा हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नव्हता, तरी गावोगावच्या सुनांना तो ऐकू आला. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई ‘बाहेरून आलेली’. भीमाकाठ, तुमचा उपरी आयुष्यभर त्या गावात राबूनही उपरीच राहायचा ना? मग हे वेगळं काय आहे? शिवाय व्याकरणानं उपराचं स्त्रीलिंग उपरीच होतं.

भीमाकाठ

ताई, ह्याला माझ्याकडे जोड नाही. एवढंच जोडतो की कुणाचं उपरेपण उजेडात आणायला हा शब्द उलटाही वापरला गेलाय. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हेच नाव दिलं. ज्यांना गावानं गावकुसाच्या आत कधी घेतलंच नाही, त्यांनी स्वतः उचललेला तो शब्द. आणि निवडणुकीत आपण तो शेजारच्या तालुक्याच्या आमदाराला लावतो. शब्द स्वस्त केला आपण.

पारावरचा

पार्सल राहिलं. माझा आवडता शब्द. उपरा म्हटलं की दोष माणसाचा. लादलेला म्हटलं की दोष पक्षाचा. पार्सल म्हटलं की दोघांचाही, आणि उमेदवार नपुंसकलिंगी होतो ते वेगळंच : ‘ते पार्सल’. माणूस बोलतो, पार्सल बोलत नाही. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ता वर लिहिलेला असतोच, त्यामुळे ‘परत पाठवा’ हे वाक्य आपोआप जोडून येतं. घोषणा द्यायला याच्याइतका सोपा शब्द नाही. पॅराशूट उमेदवार हा हिंदी चॅनेलवाल्यांकडून आलेला, तो आपल्याकडे पेपरात दिसतो, पारावर नाही.

आयात मात्र यांत धरू नका. आयात म्हणजे दुसऱ्या पक्षातून आणलेला, गाव तेच असतं. ‘निष्ठावंतांना डावलून आयात उमेदवार’. हल्ली पक्षकार्यालयात उपरा हाही याच अर्थानं वापरतात, ‘उपऱ्यांना संधी’ म्हणून. त्यामुळे नुसती बातमी वाचून कळत नाही, माणूस गावाबाहेरचा की पक्षाबाहेरचा.

पूर्वभागकर

हा फरक ध्यानात आला नव्हता. मग २०१९ ला वंचितकडून प्रकाश आंबेडकर सोलापुरातून उभे होते, सोबत अकोल्यातूनही. त्यांना काय म्हणायचं?

पारावरचा

बाहेरचे. अकोल्याचे म्हणून सरळ ओळखले जायचे. तरी सुमारे १ लाख ७० हजार मतं पडली. आंबेडकर नावाला महाराष्ट्रात उपरा म्हणायची जीभ सहसा कुणाची होत नाही.

टेबल नंबर चार

दोन जागांपुरतंच, बरं का. १९९६ च्या दुरुस्तीनंतर दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून अर्ज भरता येत नाही.

कडक भाकरी

इंग्रजीत अशा माणसाला कार्पेटबॅगर म्हणतात. अमेरिकेत यादवीनंतर उत्तरेतून दक्षिणेत आलेली मंडळी गालिच्याच्या कापडाच्या पिशव्या घेऊन यायची म्हणे. आपल्याकडे उलटं आहे. येताना रिकाम्या हातानं येतात, जाताना सत्काराच्या सोलापुरी चादरींचं गाठोडं घेऊन जातात.

पूर्वभागकर

हा हा. सोलापूरच्या पूर्व भागात माझे आजोबा बाहेरच्याला ‘बयटिवाडु’ म्हणायचे, तेलुगूत. ते स्वतः तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्यांपैकी, पण हे त्यांना कधी विसंगत वाटलं नाही. शेजारचे कानडी काका ‘होरगिनवरु’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ निव्वळ बाहेरचा, मिराशीबिराशीचा वास नाही. मराठीत बोलायला लागले की दोघंही ‘उपरा’वर येतात.

शेवटचं एक. मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्याकडे मजकूर आला होता, ‘उपर्याला थारा नाही’. हे बरोबर आहे का?

भीमाकाठ

चूक. ‘उपऱ्याला’ हवं. उपरा मधला रा सामान्यरूपात ‘ऱ्या’ होतो, आधीच्या प वर आघात येत नाही. रफार दिला की ‘सूर्याला’सारखं ‘उपर्-याला’ वाचावं लागतं. आचार्यांना निमंत्रण वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं, तीच तऱ्हा. मित्राला म्हणावं, अक्षर सुधारून दे. मजकूर बदलायचा की नाही ते गिऱ्हाइकाला विचार.

पूर्वभागकर

गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे, वाचणाऱ्याला कळतंय. आणि पैसे बुडवून गेलं. होतं मात्र अगदी स्थानिक.