सॉकेट जुळले तरी बायॉस तपासावाच लागतो

बी४५० मदरबोर्डवरचा एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून रायझन ७ ५७००एक्स बसवावा का, या प्रश्नाला ‘दोन्ही एएम४ सॉकेटचे आहेत, बिनधास्त घ्या’ असे एक उत्तर मिळाले आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) जुळले म्हणजे प्रोसेसर बसेल एवढेच. तो सुरू होईल की नाही, हे बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीवर ठरते. बी४५० बोर्ड २०१८ साली आले आणि हा प्रोसेसर २०२२ साली, त्यामुळे जुना बायॉस त्याला ओळखत नाही. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डवर छापलेले मॉडेल आणि रिव्हिजन (त्या मॉडेलची सुधारित आवृत्ती) पाहून घ्यावे, कंपनीच्या संकेतस्थळावरील सपोर्ट यादीत दिलेली किमान आवृत्ती शोधावी आणि ती चढवूनच पुढचे काम करावे. हे करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस हवाच.

आणखी एक सांगणे अगत्याचे वाटते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो व पिना वाकू शकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा, बंद करून वायर काढावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

५७००एक्ससोबत कूलर मिळत नाही, त्याचे पैसे वेगळे धरावेत. डीडीआर४ रॅम मात्र तीच चालेल.