कांजिण्यांचा विषाणू पन्नास वर्षं गप्प कसा राहिला?

माणगंगा:
आईला नागीण झाली आहे. वय 63. डाव्या बरगडीखाली फोडांची रांग, नुसती आग आग होते. डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या कांजिण्यांचाच हा विषाणू. कांजिण्या आल्या तेव्हा आई दुसरीत होती! पेशीत विषाणूचा डीएनए आहे, तो वाचायची यंत्रणाही आहे, मग इतकी वर्षं तो वाचला का गेला नाही? शेजारच्या काकू रोज येऊन 'तोंड शेपटीला लागू देऊ नका' म्हणतात. आई त्यानेच जास्त घाबरली आहे.

शिरीषफूल:
आधी आईंना सांगा, वेढा पूर्ण होऊन माणूस जातो हे खरं नाही. विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या एका मज्जागाठीतून (मज्जापेशींच्या पुंजक्यातून) निघतो आणि त्याच बाजूच्या मज्जातंतूने त्वचेपर्यंत येतो, म्हणून फोड सहसा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतात. माझ्या वडिलांना नागीण झाली तेव्हा आजीने गेरू लावला होता. ते रात्र रात्र जागून शेपटी कुठवर आली ते चाचपत बसायचे. ती भीती मला अजून आठवते.

आता तुमचा प्रश्न. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. जनुक आहे म्हणजे प्रथिन बनणारच, असं मुलांना वाटायचं. पण हिमोग्लोबिनची जनुकं यकृताच्या पेशीतही असतात, तिथे ती बंद असतात. पेशी डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळते. घट्ट गुंडाळलेला भाग वाचला जात नाही. कांजिण्यांच्या विषाणूचा डीएनए मज्जापेशीच्या केंद्रकात शिरून गोल होतो, आपल्या गुणसूत्रांत मिसळत नाही आणि आपल्याच हिस्टोनांत गुंडाळला जातो. मज्जापेशी विभागत नाहीत, त्यामुळे तो हरवतही नाही.

त्याची सुमारे 70 जनुकं. 2018मध्ये मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी मज्जागाठी तपासल्या, तेव्हा त्यांत विषाणूचा प्रामुख्याने एकच आरएनए (जनुक वाचलं की बनणारी नक्कल) सापडला, 61व्या जनुकाच्या उलट दिशेने वाचलेला. काही गाठींत 63व्या जनुकाचाही होता. बाकी सामसूम. मला याचं फार नवल वाटतं.

वय वाढलं की या विषाणूला ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक टी-पेशी कमी पडतात, आणि जागा झालेला विषाणू आवरत नाही.

दख्खनी:
जीवाणूंना लागण करणाऱ्या लॅम्डा विषाणूत जनुकं बंद-चालू करणारं हे बटण स्वच्छ दिसतं. त्याचं सीआय प्रथिन जीवाणू फोडून बाहेर पडायची जनुकं दाबून धरतं. अतिनील किरणांनी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली, की जीवाणूच्याच रेकए प्रथिनामुळे सीआय स्वतःला कापून घेतं आणि विषाणू बाहेर पडायच्या तयारीला लागतो.

माणगंगा:
आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग आता अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू आहे, त्याने हा विषाणू कायमचा जाईल का?

शिरीषफूल:
नाही. ते औषध कामाला लागायला विषाणूचंच थायमिडिन कायनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) लागतं. झोपलेल्या विषाणूचं ते जनुकही बंद असतं, म्हणून तिथे औषधाला पकडच मिळत नाही. जागा झालेला विषाणू मात्र ते रोखतं. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलेलं सगळ्यांत चांगलं. तुम्ही कधी सुरू केलंत?

माणगंगा:
दुसऱ्याच दिवशी.

शिरीषफूल:
छान केलंत. फोड सुकून खपली धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या बाळांना आणि गरोदर बायकांना त्या फोडांपासून लांब ठेवा.